हमीदाआपांचा डावा गाल

अंबाजोगाईला मी शिकायला गेले तेव्हा माझ्या कपाळावर इतक्या पुटकुळ्या होत्या की आरशासमोर उभं राहिल्यावर मी आधी डोळे बारीक करून घ्यायची. उमापूरला घरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वयात आल्यावर येतातच, जातील आपोआप, असं आई म्हणायची आणि केसांवर खोबरेल तेल थापून घट्ट वेणी घालून द्यायची. पण वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघी होतो आणि बाकी तिघींचे चेहरे स्वच्छ होते. त्यांच्यातल्याच एकीनं मला बाजारातल्या बांगड्यांच्या गल्लीत हमीदाआपांच्या दुकानाचा पत्ता दिला. देताना म्हणाली, "मागशील ते ती बाई देत नाही. रागावू नको."

दुकान मूळचं आपांच्या वडिलांचं. ते मण्यार, आयुष्यभर बांगड्या भरल्या. ते गेल्यावर दोन्ही भाऊ कामधंद्यासाठी पुण्याकडं गेले आणि दुकान आपांच्या वाट्याला आलं. वरच्या फळ्यांवर बांगड्यांची जुनी खोकी होती, खाली काचेच्या कपाटात तोंडाला लावायच्या क्रीम, साबण, पावडरी. मी गेले तेव्हा आपा पन्नाशीच्या पुढं असतील. ओढणी डोक्यावरून घेऊन त्यांनी ती डाव्या गालावर अशी ओढलेली असायची की फक्त उजवी बाजू दिसावी. उजवा गाल एखाद्या लहान मुलीचा असावा तसा मऊ होता.

मी गोरं व्हायची क्रीम मागितली. त्यांनी मला दाराच्या उजेडात बोलावलं, माझ्या कपाळावर केस सुरू होतात तिथून एक बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोट चमकत होतं.

"हे डोक्याचं तेल हाय," त्या म्हणाल्या. "घाम आला की कपाळावर उतरतंय आन छिद्रं बुजवतंय. त्याच्यावर तू आनखी क्रीम थापनार. चेहरा हाय बाई, भिंत न्हाई. गिलावा कावून करायलीस?"

मग त्यांनी मला तोंड धुवायचा एक साधा, वास नसलेला साबण दिला. तेल लावायचं तर डोकं धुवायच्या आदल्या दिवशी, तेही कपाळापासून लांब. उशीचा अभ्रा दर आठवड्याला धुवायचा. फोड हातानं दाबायचा नाही. हे सगळं त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. क्रीमसाठी मी हट्ट धरला तर कपाटाची काच सरकवून बंद केली आणि पंधरा दिवसांनी ये म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा पाण्यासारखं पातळ एक जेल मिळालं. आणखी पंधरा दिवसांनी उन्हात लावायची क्रीम, तीही तुपकट नसलेली. सगळं एकदम का देत नाही असं मी विचारलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं, दोन नव्या वस्तू एकदम लावल्या आणि फोड आला, तर चोर कोणता ते कसं कळायचं. एका वेळी एकच नवी वस्तू, हा त्यांचा नियम होता आणि तो मोडायला आलेल्या पोरीला त्या सरळ शेजारच्या दुकानात जा म्हणून सांगायच्या. शेजारचं दुकान त्यामुळं चांगलं चालायचं.

आपांचं शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत झालेलं. इंग्रजी अक्षरं त्या डब्यांवरूनच शिकल्या. एक भिंग होतं, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून ते खिळ्याला अडकवलेलं असायचं. नवी डबी आली की त्या दारात उजेडाला बसायच्या आणि मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं एकेक करून लावायच्या. पूर्वी कधीतरी मेडिकल कॉलेजात शिकणारी एक मुलगी त्यांच्याकडं यायची. कोणकोणत्या नावांनी छिद्रं बुजतात ते तिनं सांगितलं आणि आपांनी ती नावं एका वहीत उर्दू लिपीत उतरवून घेतली. नारळाचं तेल, कोकोचं लोणी अशी ओळखीची नावं त्यात होतीच, पण आयसोप्रोपिल मिरिस्टेटसारखंही एक होतं. ते त्या शाळेत पाढा म्हणावा तसं एका दमात म्हणायच्या. यादीत जे नाव आधी असतं ते जास्त घातलेलं असतं, शेवटी असतं ते कमी, हेही त्यांना ठाऊक होतं.

पण वहीवर त्या थांबत नसत. वहीतून पास झालेली क्रीम आधी त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालाला लागायची. तीन आठवडे रोज, कानापासून हनुवटीपर्यंत, फक्त डाव्या बाजूला. उजव्या बाजूला पाण्याशिवाय काही नाही. मी पहिल्यांदा ओढणी सरकलेली पाहिली तेव्हा दचकले. एकाच तोंडाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या बायकांचे असावेत, तसं दिसत होतं. डावीकडं बारीक पांढरे दाणे, लाल गाठी, जुन्या फोडांचे काळे डाग. आपा सहज म्हणाल्या, "डावा दुकानाचा. उजवा माझा."

नव्या बायका ते पाहून निघून जायच्या. जिच्या स्वतःच्या तोंडावर फोड आहेत तिच्याकडून क्रीम कोण घेणार. आपा कुणाला काही समजावत बसत नसत. ओढणी परत ओढून घ्यायच्या.

एकदा मी तिथं असताना एका क्रीम कंपनीचा माणूस आला. नीट भांग पाडलेला, बोलण्यात गोड. डबीच्या पुढच्या बाजूचे इंग्रजी शब्द बोटानं दाखवून त्यानं सांगितलं की हिनं छिद्रं बुजत नाहीत, कंपनीनं तसं लिहूनच दिलंय. आपांनी भिंग काढलं. वहीतलं एक नाव त्यांना यादीत पाचव्या जागी सापडलं. तरी त्यांनी एक डबी ठेवून घेतली. लिहिलंय कंपनीनं, गाल माझा आहे, तीन आठवड्यांनी या, एवढंच म्हणाल्या.

तो खरोखरच आला. मीही मुद्दाम गेले होते. आपांनी ओढणी बाजूला केली. जबड्याच्या कडेनं कानापर्यंत टणक दाण्यांची रांग उठलेली होती. तो माणूस बघत राहिला, मग खाली बघायला लागला. राहिलेल्या डब्या त्यानं बॅगेत भरल्या. पायरीवरून मात्र मागं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "आपा, माझी पोरगी हेच लावते."

आपांनी त्याला स्टुलावर बसवलं. मुलीचं वय विचारलं, फोड कुठं येतात ते विचारलं, आणि मला सांगितलं होतं तेच सगळं त्यालाही सांगितलं. अभ्रा, तेल, एका वेळी एकच वस्तू. त्याला लाज वाटणार नाही इतक्या साध्या आवाजात. पुढच्या खेपेला त्या कंपनीकडून दुसराच माणूस आला. पहिल्या माणसाच्या मुलीचं काय झालं ते आपांना कधी कळलं नाही. त्यांनी नव्या माणसाला विचारून पाहिलं, पण त्याला मागचा माणूस माहीतच नव्हता.

असं त्यांच्या बाबतीत नेहमी व्हायचं, हे मला पुढं लक्षात आलं. पुटकुळ्या घेऊन आलेली पोरगी तीन-चार महिने दर पंधरवड्याला यायची, आपांसमोर उजेडात तोंड वर करून बसायची, घरचं-दारचं सगळं बोलायची. मग चेहरा साफ व्हायचा आणि पोरगी यायची बंद व्हायची. येण्याचं कारणच संपलेलं असायचं. शेजारच्या दुकानातल्या क्रीमनं फोड वाढत राहायचे, म्हणून तिथं तीच गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं येत राहायची.

एक ऊसतोड करणारी लक्ष्मी नावाची पोरगी होती, धारूरकडची. नुकतं लग्न झालेलं. दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर कारखान्यावर जायची होती. उन्हानं काळं पडू नये म्हणून नवऱ्यानं हौसेनं जत्रेतून घेतलेली घट्ट क्रीम ती लावायची, आणि त्यावर घाम आणि शेतातली धूळ बसून गालभर फोड झाले होते. आपांनी तिला काहीच विकलं नाही. पातळ सुती कापड घेतलं आणि उसाचं पातं लागणार नाही, पण तोंड कोंडणारही नाही, असं ते कसं बांधायचं हे तिला पाच-सहा वेळा बांधून दाखवलं. कापड रोज धुवायचं, थोड्या पाण्यात का होईना. होळी झाल्यावर चेहरा दाखवायला येते, असं ती सांगून गेली.

होळी झाली, टोळ्या गावाकडं परतल्या. धारूरकडची कुणी बाई बांगड्या भरायला आली की आपा तिला लक्ष्मीचा चेहरा कसा आहे असं विचारायच्या. कोणती लक्ष्मी, असं बायका विचारायच्या. आपांना आडनाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. फोड कुठं कुठं होते ते मात्र त्या बोटानं स्वतःच्या गालावर दाखवायच्या. पावसाळा लागेपर्यंत त्यांचं हे विचारणं चालू होतं.

दुकानाच्या वरच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. ईदला पोरींसाठी म्हणून मोठं पातेलं भरून शीरखुर्मा करायच्या. पण ईदला सुट्टी, म्हणजे वसतिगृह रिकामं. एका ईदला मी परीक्षेमुळं मागं राहिले होते म्हणून गेले. गल्लीतल्या घरोघरी वाटूनही पातेलं अर्धं भरलेलं होतं. त्यांनी मला तीन वाट्या खायला लावल्या आणि मी खाताना समोर बसून राहिल्या. मी उठायला लागले तेव्हा फक्त कपाळ बघू म्हणाल्या. कपाळ साफ होतं. "छान झालं," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं, त्यानंतर मी फारशी येणार नाही हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

मी गेलेच नाही. शिक्षण संपलं, गेवराईजवळ शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. चार वर्षांनी कॉलेजातून एक कागद आणायला अंबाजोगाईला जावं लागलं, तेव्हा वाकडी वाट करून गल्लीत शिरले. आपा दारात भिंग घेऊन बसल्या होत्या. मी समोर उभी राहिले तर म्हणाल्या, काय पाहिजे बाई. मी नाव सांगितलं. त्यांना आठवेना. मी उमापूरवाली म्हटलं. तरी नाही. शेवटी मी केस मागं सारले आणि कपाळ पुढं केलं. त्यांनी बोट फिरवलं, डोळे मिटले, आणि मग हसल्या.

"तू व्हय. आता दागच न्हाई राहिला तर वळखू कशी मी तुला?"

मला फार लाज वाटली. त्या मात्र खूश होत्या. आत स्टुलावर विशीतली एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून बसली होती. ती सानिया, आपांच्या धाकट्या बहिणीची, शाहीनची मुलगी. लातूरहून आईला न सांगता आली होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि दोन्ही गाल फोडांनी भरले होते. ती बसनं परत गेल्यावर आपांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि मला शाहीनची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत त्यांना बहीण आहे हे मला माहीत नव्हतं.

शाहीनचा निकाह ठरला तेव्हा तिलाही असेच फोड होते. आपा तेव्हा पंचविशीच्या. बांगड्यांबरोबर दुकानात चार क्रीम ठेवायला लागल्या होत्या आणि सगळ्या गल्लीत आपल्यालाच त्यातलं कळतं असं त्यांना वाटायचं. सगळ्यांत घट्ट, सगळ्यांत सुवासिक क्रीम त्यांनी बहिणीसाठी काढली. रोज स्वतःच्या हातानं तिच्या गालांना चोळली. फोड वाढले तर आणखी चोळली. निकाहला चार दिवस उरले तेव्हा घाबरून सगळे फोड दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडले. शाहीन रडत होती आणि आपा तिला धीर धर म्हणत होत्या. लग्नात तोंड सुजलेलं होतं. सासरच्या बायकांनी घुंगट उचलला आणि देवीचा आजार तर नाही ना, असं सगळ्यांसमोर विचारलं. सूज उतरली, गालांवर खड्डे राहिले. सासूनं ते वर्षानुवर्षं बोलून दाखवले. वडिलांच्या मयतीला शाहीन आली तेव्हा या दुकानात कपाटभर क्रीम मांडलेल्या तिनं पाहिल्या.

"तवा ती एकच बोलली," आपा म्हणाल्या. "‘तुला दुकान सापडलं, आपा, माझा चेहरा गेला.’ त्यावर मी काय बोलू? खरंच हाय ते."

त्यानंतर बहिणीबहिणींचं बोलणं नव्हतं. आणि आता तिचीच मुलगी तसेच गाल घेऊन समोर आली होती. आपांना तिच्या तोंडाला हात लावायची हिंमत होईना. दुकानातलं काहीही त्यांनी तिला दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिला बोलावून घेतलं आणि दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरकडं नेलं. मी परत गेवराईला आल्यावर फोनवर हे सगळं कळत राहिलं, कारण त्या दिवसापासून मी दर रविवारी त्यांना फोन करायला लागले होते. रांगेत दोन-दोन तास बसायच्या. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या आणि मलम तेवढंच. औषधानं कातडी कोरडी पडली तेव्हा वरून लावायला काहीतरी हवं होतं, छिद्रं न बुजवणारं. डॉक्टरनं तीन नावं लिहून दिली. आपांनी तिन्ही आणली. नव्यानं काही कळायला डावा गाल तोवर फार खराब झाला होता, म्हणून या वेळी त्यांनी उजव्या गालाला लावून पाहिली. दोन क्रीमनी उजव्या गालावरही दाणे आले. तिसरी सानियाला दिली.

पाच महिन्यांत सानियाचे गाल साफ झाले. आईला तिनं सांगितलं होतं की कॉलेजातल्या मैत्रिणीच्या डॉक्टरकडं जाते. निकाहाच्या आठ दिवस आधी मात्र तिनं खरं सांगितलं. शाहीननं त्यावर हो-नाही काही म्हटलं नाही. सानियानंच आपांना फोन करून यायला सांगितलं.

आपांनी मला विचारलं, संगं येशील का. एकटी गेले आणि कुणीच बोललं नाही तर बसायचं कुठं, कुणाकडं बघायचं, असं त्या म्हणाल्या. मी गेले. लातूरला दुपारचा कार्यक्रम होता. बायकांच्या दालनात भिंतीच्या कडेला आम्ही दोघी बसलो. आपांनी निळा सलवार-कुर्ता घातला होता आणि ओढणीत आता दोन्ही गाल झाकून घेतले होते. सानिया समोर बसली होती. बायका तिची हनुवटी धरून चेहरा बघत होत्या आणि कौतुक करत होत्या. कुणी काही वेडंवाकडं विचारलं नाही. आपा तेवढंच ऐकत होत्या, मान खाली घालून.

बऱ्याच वेळानं शाहीन आमच्याकडं आली. पावडरखालचे खड्डे मला दिसले. ती उभीच राहिली. दोघी आपसात दखनी उर्दूत बोलल्या, मी ते माझ्या मराठीत सांगते आहे.

"काय लावलं तिला?" शाहीननं विचारलं.

"डॉक्टरनं दिलं ते. मी फकत काय लावायचं न्हाई ते सांगितलं."

शाहीननं सानियाकडं वळून पाहिलं. मग म्हणाली, "आन माझ्यासाठी हाय का काही?"

मला वाटलं, आपा काहीतरी म्हणतील. बघू, विचारू, आता नवीन इलाज निघालेत, असं काहीतरी. कुणीही म्हटलं असतं. आपांनी ओढणी दोन्ही बाजूंनी खाली केली, तिच्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई शाहीन. माझ्याजवळ न्हाई."

शाहीननं त्यांचे दोन्ही गाल पाहिले. बराच वेळ पाहत होती. कुणीतरी तिला आतून हाक मारली. जाता जाता ती म्हणाली, "जेवून जा."

आम्ही जेवलो. आपांनी पानातलं सगळं हळूहळू संपवलं.

त्यानंतर वर्ष सरायच्या आत आपा गेल्या. तीन दिवसांचा ताप, दुकानाच्या वरच्या खोलीत. मला सानियाच्या फोनवरून कळलं, तेही मातीनंतर. तिनंच सांगितलं की मयतीला आंघोळ घालायला गल्लीतल्या बायका तयार होत्या, पण शाहीन लातूरहून पोचली आणि तिनं सगळ्यांना थांबवलं. बहिणीला तिनं स्वतःच्या हातानं आंघोळ घातली. तोंडावरून पाण्याचा हात फिरवताना फार वेळ लावला, इतका की शेवटी बाहेरून पुरुषांनी निरोप पाठवला.

मी ते पाहिलं नाही. मी आपांना शेवटचं पाहिलं ते लातूरलाच, जेवणं झाल्यावर. माझी गेवराईकडची गाडी चारला होती. चला म्हटलं तर आपा म्हणाल्या, तू हो पुढं, तुझी गाडी चुकेल, मी बसते जरा. दारात जाऊन मी मागं पाहिलं. बायका उठून गेल्या होत्या. जेवायला बसण्यासाठी अंथरलेल्या लांब चादरी गुंडाळत दोन कामवाल्या आपांपर्यंत आल्या आणि थबकल्या. आपांनी त्यांना हातानंच काहीतरी सांगितलं. मग कामवाल्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि तिकडून गुंडाळायला लागल्या. मधल्या हातभर चादरीवर आपा मांडी घालून बसल्या होत्या, शाहीन गेली होती त्या आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून.